इपायला मारलेली हाक

तारोकोच्या दरीत राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा आम्हाला डोंगर सोडून पन्नासेक वर्षं झाली होती. तेव्हा राज्य जपान्यांचं. त्यांच्या पोलिसांनी आमची गावं खाली उतरवून नदीच्या मुखाशी वसवली आणि वरची घरं जंगलानं घेतली. पुढे उद्यानाच्या पाट्या लागल्या, शिकार बंद झाली, आणि आजोबांच्या शेतावर जायला आम्हाला परवाना लागू लागला. तक्रार म्हणून सांगत नाही. झालं ते असं.

उद्यानवाल्यांना जुन्या वस्त्यांचा इतिहास लिहायचा होता. त्यांना वाट दाखवायला मी, माझी धाकटी बहीण इपाय आणि तिचा नवरा युदाव असे गेलो. आमचं घर सापडलं. दगडी जोतं उरलं होतं आणि मधोमध चुलीचे तीन दगड. त्या जमिनीखाली आमची माणसं आहेत. पूर्वी मेलेल्याला घरातच पुरत. म्हणून तिथून निघताना चुलीपाशी उभं राहून प्रत्येकाला नावानं हाक मारायची आणि त्यानं ओ द्यायची, असा आमचा रिवाज. नाहीतर माणसाचं शरीर उतरतं आणि बाकीचं मागे राहतं. त्या दिवशी आभाळ भरून आलं, साहेबांनी घाई केली, आणि हाका राहून गेल्या.

काही दिवसांत इपाय अंथरुणाला खिळली. ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. डोळे उघडे, पण ती बोलत नव्हती. भरवलेला घास तोंडात तसाच राहायचा. ह्वालिएन शहरातल्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि घरी न्या म्हणाले. शेजारची म्हातारी कुमू तिला पाहून गेली. ही इथं नाहीच, वर आहे, लवकर आणा, नाहीतर हे शरीरही राहणार नाही, असं म्हणाली.

युदाव चर्चमध्ये गाणारा. असल्या गोष्टींना हसायचा. या वेळी त्यानं मुकाट्यानं टोपली पाठीला बांधली. दरड पडल्यानं वाट बंद होती, परवाना मिळत नव्हता. आम्ही तसेच गेलो.

चढावर मी सारखा बसत होतो.

"दादा, शिकारीला जायचास तेव्हा म्हणे माकडासारखा चढायचास," युदाव म्हणाला.

"तेव्हा पाठीमागे मेव्हणा नसायचा."

दोघंही कसंनुसं हसलो.

भर दुपारी पोचलो. मागच्या खेपेला जोत्यावर घोटाभर पाला आणि शेवाळ होतं. आता ते झाडलेलं होतं. फांदीच्या खराट्याच्या रेघा मातीवर स्पष्ट दिसत होत्या. मधे कुणी आलं असेल म्हणावं, तर दरडीवर आमच्याखेरीज पाऊल नव्हतं. पक्षी बोलत नव्हते.

युदावनं चुलीच्या दगडांवर दारू शिंपडली, डुकराच्या मांसाचा तुकडा ठेवला आणि हाक मारली, "इपाय, चल घरी."

मी त्याचा दंड धरला. "बापाचं नाव लाव."

आमच्यात नातीला आजीचं नाव ठेवतात. बापाचं नाव लावल्याशिवाय माणूस पुरता कळत नाही. माझी बहीण इपाय उमिन. आमची आजी, बापाची आई, इपाय वालिस. गाव उतरण्याआधीच ती गेली. मी तिला पाहिलेलं नाही. ती त्याच जोत्याखाली आहे.

युदावनं पुन्हा तोंड उघडलं, पण बापाचं नाव उच्चारायच्या आतच ओ आली.

"आले," मागच्या झाडीतून आवाज आला.

बाईचा. अगदी जवळून.

युदाव रडायला लागला. तिचाच आवाज, म्हणाला. मला तो ओळखता आला नाही.

ओ मिळाल्यावर मागे वळून पाहायचं नसतं. आम्ही उतरलो. दरडीपर्यंत आमच्यामागे पाला वाजत होता.

घरी आलो तर इपाय उठून बसली होती. दोन वाट्या पेज प्यायली. युदावनं तिचे पाय धरले, तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "उमिनवर गेलास." उमिन आमचा बाप.

महिनाभरानं उद्यानाचा पहारेकरी अंगणात आला. चांगला पोरगा, आमच्यातलाच. बंद वाटेच्या वर, तुमच्या जुन्या घराकडे रोज धूर दिसतोय, म्हणाला. कोण जाऊन राहिलंय, साहेब विचारतात. आग लावायला बंदी आहे, तुम्हीच जाऊन सांगा.

मी युदावकडे पाहिलं. तो मान खाली घालून जाळीला गाठ मारत होता. वर जायला मी भिंतीवरचा कोयता काढला.

इपाय पायरीवर शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"धूर सरळ वर जातो का रे?" तिनं पहारेकऱ्याला विचारलं.

"सरळ जातो, मावशी. आधी नुसता पसरायचा."

"मग चूल पेटवायला शिकली ती," इपाय म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.