तळं भरलं, रोहित गेले

दर हिवाळ्याला माण तालुक्यातल्या पांढरओढ्याच्या तळ्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरत. मुंबईच्या बड्या पाहुण्यांना ते थेट नावेत बसवून, नाश्ता करता करता दाखवायचे, असा बेत कुपवाडच्या मुकुलने आखला होता. गालिचे अंथरलेले तंबू, न्हाणीत गरम पाणी, सांगलीचा आचारी! वर्कशॉपमधला स्वतःचा लेथ विकून त्याने हा थाट जमवला होता. पहिली तुकडी पुढच्याच आठवड्यात यायची होती. त्याआधी वाट, नाव आणि पक्षी एकदा तपासून घ्यावेत म्हणून १९९६ च्या डिसेंबरात तो निघाला. सोबत बायको भार्गवी, आणि वाट दाखवायला तिथलाच मेंढपाळ हरिबा.

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! जीपमध्ये मुकुल भार्गवीशी वाद घालत होता, तो नावेत चहा द्यावा की कॉफी यावर. तेवढ्यात ओढ्याच्या वाळूत जीपचं चाक रुतलं. ते काही केल्या निघेना. मग टपावरची पत्र्याची नाव तिघांनी खांद्यावर घेतली आणि खिंड चढायला सुरुवात केली. ऊन डोक्यावर, कुसळं पायात, आणि पत्रा असा तापलेला की खांद्याखाली हरिबाचं घोंगडं घ्यावं लागलं.

खिंडीच्या माथ्यावर मुकुल थबकला. खाली तळं काठोकाठ भरलेलं होतं. पण एकही पक्षी नव्हता!

हे तळं वर्षानुवर्षं गळकं. बांधातून पाणी सोडायच्या मोरीचं दार सडलेलं, त्यामुळे दिवाळीनंतर घोटाभर पाणी आणि चिखल उरायचा. घोटाभर पाण्यात नाव कशी चालणार? म्हणून मुकुलने उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने नवं लोखंडी दार घडवून बसवलं. तळं भरलं तेव्हा गावाने जलपूजन केलं, हरिबाच्या बायकोने, हरणाबाईने, खणानारळाने तळ्याची ओटी भरली. पाणी वाढलं की पाखरंही वाढणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. दुष्काळी माणात पाणी जास्त होऊन काही बिघडतं, हे कुणाच्या बापाने पाहिलं होतं?

“पल्याडच्या कोपऱ्यात असतील,” मुकुल म्हणाला आणि नाव पाण्यात लोटली.

“सायब, वारं लय सुटलंय. जरा दम धरा,” हरिबा म्हणाला. मुकुल कसला ऐकतो! शेवटी तिघंही नावेत बसले.

मध्यावर वाऱ्याने नाव फिरवली. खाली बुडालेल्या बाभळी होत्या. खर्रकन पत्रा फाटला. पाणी आत आलं. नाव कलली आणि उलटली! भार्गवी वर आली. मुकुल आला नाही. बाभळीच्या फांदीत त्याची पँट अडकली होती. कृष्णेच्या पुरात पोहायला शिकलेली भार्गवी ती. तिने बुडी मारली, काट्यांत हात घालून कापड टरकावलं आणि त्याला वर ढकललं. उलट्या नावेला लटकलेल्या हरिबाने पटका सोडून फेकला.

“धरा! सोडू नगासा!”

रेटत, ओढत, रक्ताळलेले तिघे बांधाला लागले. मुकुल उलट्या काढत होता, तोच आभाळात कलकलाट झाला.

रोहित! पंखांखाली लाल-काळे पट्टे, लांब माना ताणलेल्या. थवा तळ्यावर घिरट्या घालू लागला. काही पक्षी पाय सोडून अगदी पाण्यापर्यंत आले, पुन्हा उचलले गेले. मग सगळा थवा दक्षिणेकडे निघून गेला.

“अहो, ते चिखल चाळायला येत होते,” भार्गवी हळूच म्हणाली. “पाय टेकायला जागाच नाही ठेवली आपण.”

मुकुल उठला. “दार उघडतो! पाणी उतरलं की परत येतील!” लंगडत तो मोरीवर पोचला आणि दार उचलायचं चाक फिरवू लागला. खाली पाणी घोंघावत सुटलं.

हरिबाने त्याचा हात धरला नाही. शेजारी उकिडवा बसून तो म्हणाला, “दर साली आमी या दिसांत मेंढरं घिऊन कराडाकडं नदीकाठाला जातो. पाखरं येत्यात, आमी जातो. औंदा पयल्यांदाच ऱ्हायलो, सायब. पानी हाय म्हून. सून बाळंत झाली ती घरात, पालावर न्हाई.”

मुकुलचे हात चाकावर होते. त्याला हरिबाचा राग आला, पाण्याचा आला, आणि स्वतःच्या कसबाचा सगळ्यात जास्त आला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही. मग दात-ओठ खाऊन त्याने चाक उलटं फिरवलं. पाण्याचा आवाज थांबला.

हरणाबाई भाकरी घेऊन आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. “तुमच्या पाव्हण्यांस्नी सांगा,” ती कौतुकाने म्हणाली, “आंगुळीला बक्कळ पानी हाय म्हून.”

भार्गवीने मान वळवली.

दुसऱ्या दिवशी दहिवडीच्या एसटीडी बूथवरून मुकुलने मुंबईला फोन लावला. येऊ नका, सगळा बेत रद्द केलाय, असं त्याने सांगितलं.

“अहो, पण का? तिथे कमी काय पडलं?” पलीकडून चिडका आवाज आला.

“काहीच कमी नाही,” मुकुल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.