लान्सियाला गिऱ्हाईक का मिळेना

"त्रेसष्ट शब्द!" सुगंधाने कागद काउंटरवर आपटला. "अहो, मोटार विकताय की पोरीचं लग्न ठरवताय?"

काउंटरच्या पलीकडचा माणूस हसला नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि नखांत मात्र काळं तेल. असा माणूस तिने याआधी पाहिला नव्हता. तेलवाले इस्त्री करत नाहीत आणि इस्त्रीवाले तेलात हात घालत नाहीत.

"एकही शब्द जास्तीचा नाही त्यात," तो म्हणाला.

"हो? 'पहाटेच्या आभाळासारखा निळा रंग'... नुसतं 'निळी' म्हटलं की झालं."

"निळी तर शाईची बाटलीपण असते."

"आणि हे काय? 'चालवताना माणूस आपोआप गप्प होतो'... हे कशाला?"

"खरं आहे म्हणून."

सुगंधाने मान वर केली. अंधेरी स्टेशनबाहेरच्या गल्लीतल्या या जाहिरात एजन्सीत ती दोन वर्षं बसत होती. रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिराती शुक्रवारपर्यंत घ्यायच्या, लाल बॉलपेनने कापायच्या आणि पाठवून द्यायच्या. लोक भाड्याची खोली, जुना फ्रिज, गमावलेला पासपोर्ट घेऊन यायचे आणि सगळे खोटं बोलायचे. 'हवेशीर' म्हणजे खिडकीला तावदान नाही. 'नवीनसारखा' म्हणजे दोनदा दुरुस्त केलेला. आणि हा बाबा म्हणे, खरं आहे म्हणून!

"चालते ना पण?" तिने विचारलं.

"चालते?" त्याला ते लागलंच. "पळते, बाई."

"मग मी 'चालू स्थितीत' लिहिते."

तिने सपासप रेघा मारल्या. उरलं ते असं: १९५५ची इटालियन लान्सिया, दोन सीटची स्पोर्ट्स मोटार, निळी, चालू स्थितीत, एकच मालक, अंधेरी. त्याने ते वाचलं आणि असं तोंड केलं, जसं कोणी त्याच्या पोराचं मुंडण केलंय.

"नाव?"

"श्यामकांत. गाडी माझी नाही. मृणालिनीबाईंची. मी नुसता सांभाळतो." मग थोडा थांबून... "अकरा वर्षं."

पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा उभा. तोच शर्ट, तीच इस्त्री.

"गेली नाही?"

"नाही ना."

"का?"

"गिऱ्हाईक बरोबर नव्हतं."

तिसऱ्या शुक्रवारीही आला. आता सुगंधा बाराच्या सुमाराला उगाचच दाराकडे बघायला लागली होती. तो येताना शेंगदाण्याची पुडी आणायचा आणि ती काउंटरवर मधोमध ठेवायचा, तुझीही नाही नि माझीही नाही अशी. चौथ्या शब्दाला तो मालवणी निघाला. देवगडकडचा, राहायला वाकोल्याला, कामाला मरोळच्या गॅरेजात. ती कणकवलीची, राहायला घाटकोपरला.

"तरीच गो तुझी जीभ अशी," तो म्हणाला.

"कशी?"

"पान्यासारखी. बसली की आवळूनच सोडते."

ती चिडली. मग दिवसभर ते आठवून हसली.

पण सोमवारी हसायचं राहिलं. एजन्सीचे मालक चंद्रप्रकाश टेबलावर हात आपटत होते. लान्सिया बघायला गेलेला तिसरा माणूस येऊन दुकानात शिव्या देऊन गेला होता. जाहिरातीत 'चालू स्थितीत' आणि गाडी सुरूसुद्धा होत नाही! वसईहून लोकल-रिक्षा करून आला होता बिचारा.

"तीन तक्रारी, सुगंधा. हे शब्द कोणी घातले? तू. गिऱ्हाइकाने लिहिले नव्हते. चौथी तक्रार आली तर तू उद्यापासून घरी."

सुगंधाने बॉलपेनला टोपण लावलं. गिरणीला कुलूप लागून तीन वर्षं होत आली होती. बाप दिवसभर दारात बसून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या चपला बघायचा. घरात पगार एकच होता, तिचा. संप कोणी पुकारला, कोणी मोडला, यावर शहाण्यांनी भाषणं ठोकली. चूल कोणी पेटवली ते कोणी विचारलं नाही.

पण रागाच्या खाली तिला दुसरंच काही टोचत होतं. हा माणूस खोटं बोलतो? हा? मग गाडी का चालत नाही?

शुक्रवारी तिने त्याची जाहिरात नेहमीसारखीच घेतली, आणि रविवारी सकाळी ती न सांगता चार बंगल्याच्या रस्त्याला गेली.

त्या वर्षी अंधेरीतल्या बंगल्यांचे दिवस भरले होते. एकेक आंब्याचं झाड तोडून तिथे बिल्डरचा बोर्ड उभा राहत होता आणि बोर्डावरचं रंगवलेलं झाड तेवढं हिरवंगार. मृणालिनीबाईंच्या फाटकालाही असाच बोर्ड लटकला होता. मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये श्यामकांत बनियनवर, हातात पिवळं फडकं... आणि ती.

सुगंधा गप्पच झाली.

लांब, बुटकी, वरून उघडी. एक कोपरा म्हणून नाही कुठे, जणू कोणी ओल्या मातीवरून तळवा फिरवून केलीय. आणि रंग... निळा नव्हता तो. तिने 'पहाटेच्या आभाळासारखा' कापलं होतं ते तिला आता खुपलं.

"तू?" तो दचकला.

"सुरू कर."

"अं?"

"गाडी. सुरू कर."

त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, मग आत बसून सेल्फ मारला. एकाच दमात इंजिन बोलायला लागलं. खालच्या आवाजात, भरल्या गळ्याने. पत्र्याच्या शेडला बारीक कंप सुटला आणि सुगंधाच्या बांगड्यांनाही.

"सहा सिलिंडर," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता की ती नोकरीचं विसरली... दोन मिनिटं. दोनच.

मागच्या दाराशी मृणालिनीबाई काठी टेकत आल्या. सत्तरीच्या, पण आवाज खणखणीत. "बघ गं बाई तू तरी. आमचे हे बोटीवर इंजिनियर होते, त्यांनी नेपल्सहून आणली. होळीच्या आत जागा रिकामी करून द्यायचीय. मी चालले लेकीकडे बडोद्याला. तोवर नाही विकली तर बिल्डर म्हणतो, कुर्ल्याचा भंगारवाला बोलावतो." काठी श्यामकांतकडे वळली. "याच्यासमोर पोपटासारखी बोलते आणि गिऱ्हाईक आलं की मुकी. लाजते की काय कोण जाणे!"

श्यामकांत इंजिन बंद करून फडकं घडी करत बसला. एका फडक्याला किती घड्या घालाव्यात?

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. नाशिकचे डॉक्टर विद्याधर आले होते, त्याच रविवारची जाहिरात हातात घेऊन. पन्नाशीचे, कपाळावर चष्मा, आणि गाडी बघताच लहान मुलासारखे टाचांवर उभे राहिले.

"एक मिनिट, बॉनेट पुसून घेतो," श्यामकांत म्हणाला.

कोणीच बघितलं नसतं. पण सुगंधा बघायला आली होती. बॉनेट उघडलं, त्याची पाठ आडवी आली, हात आत गेला आणि बाहेर आला तो थेट पँटच्या खिशात.

डॉक्टरांनी सेल्फ मारला. इंजिन नुसतं घुरघुरलं. पुन्हा मारला. घुरघुर. डॉक्टरांचा चेहरा उतरत चालला.

सुगंधा श्यामकांतच्या शेजारी जाऊन उभी राहिली. समोर बघतच हळू बोलली, "खिशात काय आहे?"

"सुपारी."

"दे. मी खाते."

"तुला... कडक लागेल."

"माझे दात बळकट आहेत. दे."

तो हलला नाही. त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती.

"ऐक," ती म्हणाली. आता आवाजात थट्टा नव्हती. "'चालू स्थितीत' हे शब्द माझे. तीन माणसं दुकानात येऊन ओरडून गेली. हे डॉक्टर चौथे. आज ही सुरू झाली नाही तर उद्या माझी नोकरी गेली. घरात सहा तोंडं आहेत आणि बापाच्या गिरणीला टाळं. आणि तुझी ही बाय पुढच्या महिन्यात भंगारात. भंगारवाला काय करतो माहितीय ना? हातोड्याने सुरुवात करतो. आता चघळ तुझी सुपारी."

श्यामकांतने तिच्याकडे बघितलं. तिच्या नोकरीवर आलंय हे त्याला माहीत नव्हतं.

मग तो पुढे गेला आणि खिशातून अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा काढून त्याने सरळ डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला.

"हा रोटर. ठिणगी वाटणाऱ्या डेल्कोच्या झाकणाखाली बसतो. हा नसला की गाडीला करंट मिळत नाही. मी काढला होता. आजच नाही, दर वेळी. बाईंचा काही दोष नाही, जाहिरात लिहिणाऱ्यांचाही नाही. गाडी टकाटक आहे. खोट माझ्यात आहे."

मृणालिनीबाईंची काठी उचलली गेली, हवेत थांबली आणि खाली आली.

"अकरा वर्षं पोटच्या पोरासारखा वागवला रे तुला मी," त्या एवढंच म्हणाल्या. काठी परवडली असती.

डॉक्टर रोटर उलटसुलट करून बघत होते. "पण का?"

"ही गेली की मी कोण?" श्यामकांत म्हणाला. "मरोळला रोज दहा टॅक्स्यांचे ब्रेक बांधणारा. बस."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि रोटर त्याला परत दिला. "बसव. बघू तरी, काय लपवत होतास."

पुढच्या रविवारी कागदांवर सह्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, मुंबईच्या गर्दीत माझा हात बसणार नाही, मुलुंडच्या नाक्यापर्यंत तू आण, मी ड्रायव्हर घेऊन माझ्या फियाटमधून पुढे राहतो. सुगंधा तिथे होतीच. मृणालिनीबाईंनीच तिला बोलावलं होतं आणि त्यांनीच तिला गाडीत ढकललं. "जा गं. घाटकोपर वाटेतच आहे." श्यामकांतशी त्या आठवडाभर बोलल्या नव्हत्या. गाडी निघताना मात्र त्याच्या डोक्यावरून हात फिरला.

स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो त्या उजव्या जागी बसली सुगंधा! साकीनाक्याच्या सिग्नलला एक रिक्षावाला बघतच राहिला. उघडी गाडी, चालवणारी बाई, आणि हातात चाक नाही.

"मॅडम, गाडी किधर से चलती है?" तो ओरडला.

"मनातून!" सुगंधा ओरडली.

श्यामकांत इतका हसला की गिअर चुकला. मग असल्फ्याचा चढ लागला, वारा कानांत शिरला, तिची वेणी सुटून त्याच्या खांद्यावर आपटू लागली. ती ओढून घेई. पुन्हा सुटे. तिसऱ्या वेळी तिने ओढून घेतली नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली. "रोटर गाडीसाठी काढायचास ना?"

"पहिल्यांदा गाडीसाठी."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा..." त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "विकली गेली तर पुढच्या शुक्रवारी काय सांगून यायचं, हेपण डोक्यात होतं. म्हणजे दोन्ही."

"तिसऱ्यांदा?"

भांडुप आलं आणि गेलं. कारखान्यांच्या भिंती, टपऱ्या, एक वरात.

"तिसऱ्यांदा गाडी आठवलीच नाही."

घाटकोपर केव्हाच मागे पडलं होतं. उतरते म्हणायचं तिला सुचलं नव्हतं, आणि त्यालाही.

मुलुंडच्या जकात नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. डॉक्टर फियाटमधून उतरले. गाडीभोवती एक फेरी मारली आणि श्यामकांतसमोर उभे राहिले.

"तू चल हिच्याबरोबर. नाशिकला राहायला खोली देतो, मरोळच्या दुप्पट पगार. हिला तुझ्याशिवाय कोणाचा हात लागणार नाही. असा माणूस मला मिळायचा नाही."

श्यामकांत सुगंधाकडे वळला.

तिने सुटलेली वेणी बांधायला घेतली. ज्या माणसाला ही गाडी गेल्यावर आपण कोणी राहत नाही असं वाटतं, त्याला कोणी ती गाडीच देऊ करतंय. जा म्हणावं तर जीभ रेटेना. आणि नको म्हणायला ती कोण? चार शुक्रवार आणि शेंगदाण्याच्या तीन पुड्या.

"माझ्याकडे बघू नको," ती ताडकन बोलली. "जा म्हणणार नाही. थांब म्हणणार नाही. उद्या नाशकात बसून माझ्या नावाने उसासे टाकशील, नाहीतर वाकोल्यात बसून गाडीच्या नावाने. दोन्ही मला नकोत. तुझं तू ठरव."

तो गाडीजवळ गेला. बराच वेळ बॉनेटवर तळवा ठेवून उभा राहिला. मग दार उघडून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बसा. नाही, डावीकडे. क्लच असा अर्धा सोडायचा, मग थांबायचं. ती आपणहून सांगते. घाई केलीत तर रुसते."

अर्धा तास त्या धुळीत तो त्यांना शिकवत राहिला. थंड असताना किती चोक ओढायचा, चढावर कान कुठे लावायचा. डॉक्टरांनी दोनदा गाडी बंद पाडली. तिसऱ्यांदा ती अलगद सरकली. श्यामकांतने बाहेरून दार लावलं, दोन बोटांनी, आवाज न करता.

लान्सिया ठाण्याच्या दिशेने गेली, ड्रायव्हरच्या हाती फियाट तिच्या मागे. ट्रकांच्या मधून निळं दिसत होतं तोवर तो बघत होता. मग दिसेनासं झालं.

दोघं चालत बसथांब्यावर आले. त्याचे हात काळे झाले होते, शर्टाची इस्त्री मोडली होती. ते हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"वाटलं होतं, रडू येईल," तो म्हणाला.

"आलं?"

"नाही. भूक लागलीय." मग थांबला. "सुगंधा, मी तुला... म्हणजे माझ्याकडे आता काहीच नाही दाखवण्यासारखं. वाकोल्याची दहा बाय दहाची खोली, आई, आणि हे हात. त्यात तुला..."

"किती शब्द झाले?"

"अं?"

"एकदाच, थोडक्यात विचार. बस दिसतेय तिकडे."

त्याने विचारलं. काय विचारलं ते ट्रकच्या हॉर्नमध्ये थांब्यावरच्या कोणालाही ऐकू आलं नाही. तिला आलं.

"माझ्या बापाला भेटायला ये," ती म्हणाली, "आणि खिसे रिकामे करून ये. पुन्हा काही लपवलंस तर याद राख." मग तिने त्याचा काळा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. डाग पडायचे ते पडू देत.

लाल बस समोर येऊन थांबली. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. "काय हो, घाटकोपर? चढताय की नाही?"

"मागची येऊ दे," सुगंधा म्हणाली.

"मागची अर्ध्या तासाने आहे!"

"मग तिच्या मागची."