उन्हाळी मेणाचा डबा

आईच्या गळ्यातली गाठ साधी आहे की वाईट, एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी आमच्या देवटेकडीच्या तपासणी केंद्राने बेचाळीस दिवस घेतले आणि तरीही अहवालावर एकच ओळ होती: 'काप वाचता येत नाही.'

कोडं असं होतं. जानेवारीत त्याच यंत्राने, त्याच मेणात बसवलेले शेकडो नमुने व्यवस्थित कापले होते. मग एप्रिल उजाडल्यावर काय बिघडलं? केंद्रात हे काप काढणारा निपुण नावाचा यंत्रमानव म्हणे, काहीच बिघडलेलं नाही. मला त्याला एक लाथ घालावीशी वाटली.

शेवटी डॉक्टर तायडेबाईंनी माझ्या आजोबांना, म्हणजे आईच्या बाबांना, बोलावलं. शामराव मेश्राम एकतीस वर्षं तिथे तंत्रज्ञ होते. निपुण आला त्याच आठवड्यात त्यांना शाल-नारळ देऊन घरी पाठवलं होतं. तीन वर्षांनी आता त्यांची आठवण झाली. मीही बरोबर गेले. मी अकरा वर्षांची असले तरी आई माझी होती.

आजोबांनी आईच्या नमुन्याची वडी हातात घेतली. पांढऱ्या मेणात बसवलेला, तांदळाच्या दाण्याएवढा ऊतीचा (एकसारखं काम करणाऱ्या पेशींच्या समूहाचा) तुकडा. त्यातला निम्मा निपुणने कापून वाया घालवला होता. उरला होता तो एवढाच.

"याले मेणात कायले ठेवते, माहीत हाय का हेमे?"

मी नाही म्हटलं.

"हा तुकडा ओला अन् मऊ. पिकलेल्या टमाट्याचा कागदासारखा काप काढून पाह्य, जमते का? म्हणून आधी अल्कोहोलनं त्यातलं पाणी काढाचं. मंग दुसऱ्या द्रवानं अल्कोहोल काढाचं, अन् रिकाम्या जागी वितळलेलं मेण भराचं. मेण थिजलं की आतबाहेर सारखंच घट्ट. तवा कुठं केसाच्या विसाव्या हिश्शाएवढा पातळ काप निघते."

"मग निपुणचे काप का चुरगळतात?"

"नख लाव."

मी वडीला नख लावलं. ते सहज रुतलं.

बाहेर अठ्ठेचाळीस अंश तापमान होतं आणि वीज वाचवायची म्हणून यंदापासून केंद्राची खोली चौतीसवर ठेवलेली. निपुणच्या मेणाचा वितळबिंदू (ज्या तापमानाला घन पदार्थाचा द्रव होतो ते तापमान) चोपन्न अंश होता. दूरच्या थंड गावातल्या मुख्यालयाने साऱ्या राज्यासाठी तेच एक मेण ठरवून टाकलं होतं. चौतीस अंशांत ते वितळत नाही, पण मऊ पडतं. बर्फावर गार केलं तरी दोन-चार काप होईतो पुन्हा मऊच. पातं लागलं की काप दाबला जातो आणि आतल्या पेशी एकमेकींवर चढतात. मग डॉक्टरांना काय दिसणार, कपाळ?

"तर मग सगळ्यात कडक मेणच का नाही वापरत?" मी विचारलं.

"लय कडक मेण वितळवाले उष्णता बी लय लागते. त्यात तुकडा भाजून निघते अन् कापताना तडकते. तुकडा कसा हाय, खोली किती गरम हाय, हे पाहून मेण निवडा लागते. आमी उन्हाळ्यात साठ अंशांचं वापरत होतो. 'उन्हाळी' लिहिलेला डबा इथंच होता."

"तो डबा मी टाकून दिला," निपुण म्हणाला. "त्यावर छापील चिठ्ठी नव्हती. हाताने लिहिलेलं मी वाचत नाही."

तो डबा कुठे आहे, हे मला माहीत होतं. आजोबांनीच तो कचऱ्यातून उचलून घरी आणला होता आणि तीन वर्षं आमचा माठ त्याच्यावर बसलेला होता. मी धावत जाऊन डबा आणला.

आजोबांनी जुनी वडी वितळवली. आईचा तुकडा अलगद काढून उन्हाळी मेणात मुरवला, साच्यात बसवला आणि नवी वडी बर्फावर गार केली. मग ती कापायला घेतली. काप एकाला एक चिकटून लांब फीत निघाली आणि ती चुरगळली नाही.

रंगवलेले काप बघून संध्याकाळी तायडेबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. गाठ वाईट होती. उपचारांनी बरी होण्यासारखी आहे, उद्याच सुरुवात करू, असं त्या म्हणाल्या.

"एप्रिलमध्येच कळलं असतं तर..." म्हणत त्यांनी अहवाल लिहायला घेतला.

निपुणचा दिवा हिरवा झाला. "नोंद केली. आता राज्यातली दोनशे बारा यंत्रं खोलीचं तापमान पाहून मेण निवडतील. ही चूक पुन्हा होणार नाही."

बातमी चांगलीच होती. पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी आईला वेळेत कळेल. मला ते पटत होतं, तरी राग काही जाईना.

"आणि माझ्या आईचे बेचाळीस दिवस?"

"त्यासाठी माझ्याकडे रकाना नाही," तो म्हणाला.

कपाटात मऊ मेणातल्या आणखी सदतीस वड्या होत्या. सगळ्यांवर नुसते छापील आकडे; नावं तायडेबाईंच्या यादीत. आजोबांनी जुनं रजिस्टर काढून माझ्या हातात पेन दिलं.

"कोणाची वडी हाय, ते नाव लिही. हातानंच लिही."

त्यांनी दुसरी वडी तापत ठेवली आणि मी मोठ्या अक्षरात पहिलं नाव लिहिलं, आईचं.