दोन थापा

कॉलरच्या इस्त्रीवरून सकाळी घरात थोडी कुरबुर झाली, एवढं सोडलं तर त्या दिवसाची सुरुवात अगदी साधी होती. नव्या कंपनीचा पांढरा सदरा, खांद्यावर चार पट्ट्या, आणि कॉलरवर बायकोच्या हातून राहिलेली एक चुणी.

"असू द्या हो," ती म्हणाली. "प्रवासी काय तुमची कॉलर बघायला येणार आहेत?"

तो आरशासमोरून हलेना. तेव्हा तिने मुठीने कपाटाच्या दारावर ठोठावलं. टक्‌-टिण्‌. टक्‌-टिण्‌. तिच्या बोटातली अंगठी जराशी सैल होती. बोटाचं हाड आधी वाजायचं आणि लगेच मागून अंगठी. अकरा वर्षं तो मालाची विमानं उडवत होता, दिवसा झोपत होता, आणि ती झोपायच्या खोलीच्या दारावर अशीच ठोठावून त्याला उठवत होती. घरात त्या आवाजाचा अर्थ एकच होता, आता पुरे, उठा.

"अकरा वर्षं पेट्या फिरवल्यात," ती बॅग ओढत म्हणाली. "आज जरा बायकोला फिरवा."

त्या दिवशी त्याची शेवटची तपासणी फेरी होती. ती नीट पार पडली की तो प्रवासी विमानाचा पक्का कॅप्टन होणार होता. बायकोने मुद्दाम त्याच विमानाचं तिकीट काढलं होतं. पलीकडच्या शहरात तिची धाकटी बहीण राहायची, तिला भेटायचं हे निमित्त. खरं म्हणजे तिला नवऱ्याला त्या सदऱ्यात विमान चालवताना बघायचं होतं. त्यालाही ते हवं होतं. त्याचा तिच्यावर जीव होता, आणि हे तो तिला कधी धड बोलला नव्हता. ते आज उतरल्यावर बोलू, असं त्याने ठरवलं होतं.

नव्या कंपनीत पोरं त्याला मागून 'गोणी' म्हणायची. मालवाल्यांना प्रवासी कंपनीत असाच मान मिळतो. त्याला त्याचं काही वाटत नसे. "गोणी बरी," तो म्हणायचा. "माल ओकत नाही, माल भांडत नाही, माल बोलत नाही." हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडात अगदी बसलेलं होतं. ते कुठे वापरून वापरून बसलं, ते आता सांगायला हवं. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

जुन्या मालकंपनीत हमालांचा एक मुकादम होता. त्याला सगळे 'दोनथापे' म्हणत. पेट्या रचून झाल्या, जाळी आवळून झाली, दार लागलं, की तो बाहेरून विमानाच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारायचा आणि ओरडायचा, "दार नीट लागलंय, साहेब!" नियमाच्या कुठल्याच पुस्तकात हे नव्हतं. पण तिथे सगळं त्या दोन थापांवर चालायचं. थापा ऐकल्या की वैमानिक इंजिन सुरू करायचे. कुणी मान वळवूनही बघत नसे.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी त्या दोन थापा आल्या. नेहमीपेक्षा जवळून आल्या, आणि मागून ओरडणं आलं नाही. दार लावलं होतं ते सामानगाडीच्या ड्रायव्हरने. त्याला वाटलं, दोनथापे पलीकडून उतरला. दोनथापे आतच होता, शेवटची जाळी आवळत. दार लागलेलं पाहून त्याने आतून थापा मारल्या, मी आत आहे, थांबा, म्हणून. त्या दिवशी कॅप्टन हाच होता. त्याला वाटलं, निघा.

विमान उचललं तेव्हा वरची एक भली मोठी पेटी कलंडली आणि त्याला भिंतीशी दाबून बसली. कॉकपिटच्या पाठीशी, पातळ पत्र्यापलीकडे ठोके पडायला लागले. दोन. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा दोन.

"सर…" सहवैमानिक म्हणाला, "कुणीतरी आहे का मागे?"

"पट्टा सुटला असेल."

"पण सर, दोन-दोनच…"

"माल बोलत नाही," कॅप्टन म्हणाला.

त्याला कळलं होतं. हे उगाच झाकून काही उपयोग नाही. दहाव्या मिनिटाला त्याला पुरतं कळलं होतं. परतायला दहा मिनिटं पुरली असती. पण जिथे माल उतरायचा होता त्याच शहरात त्या दिवशी अकरा वाजता प्रवासी कंपनीत त्याची मुलाखत होती, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली. परत फिरलं असतं तर ती गेली असती. तो सरळ जात राहिला. चाळिसाव्या मिनिटापर्यंत ठोके येत होते. मग थांबले.

दार उघडलं तेव्हा दोनथापेचा हात अजून गरम होता. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून गेली होती. चौकशीत कॅप्टनने शपथेवर सांगितलं, "मी दोन थापा ऐकल्या आणि निघालो." ते शब्दशः खरंच होतं. सहवैमानिक गप्प राहिला, आणि पुढल्या महिन्यात नोकरी सोडून गेला. मुलाखत मात्र झकास झाली.

तर आता ही तपासणी फेरी. लख्ख दुपार, आभाळात ढगाचा ठिपका नाही. विमान छोटं, पंख्यांचं. प्रवासी मागच्या दाराने चढायचे आणि सामान पुढे, कॉकपिटच्या पाठीशी असलेल्या कप्प्यात जायचं. त्या कप्प्याला एकच दार, बाहेरून उघडणारं. कॉकपिटमधून प्रवाशांकडे जायला कप्प्याच्या भिंतीलगत एक अरुंद बोळ होता. कॅप्टनच्या शेजारच्या खुर्चीत तपासणीस बसला होता. निवृत्तीला आलेला, हातात टाचणाची वही घेऊन बसणारा माणूस. त्याला सगळे 'मास्तर' म्हणत. मास्तर नापास करतात ते कुरकुरत नाही, हसत हसत करतात, अशी त्यांची ख्याती होती.

दारं लावायची वेळ झाली तेव्हा हवाईसेविका बोळातून आली. "सर, कागदावर चाळीस आहेत. मोजल्यावर एक्केचाळीस होतायत."

"पुन्हा मोज."

ती जाऊन आली. "एक्केचाळीस."

मास्तरांनी घड्याळात पाहिलं आणि टाचणात काहीतरी लिहिलं. आकडा जुळल्याशिवाय विमान हलत नाही, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. आणि आकडा जुळत नसताना कॅप्टन काय करतो, हे बघायलाच तर मास्तर बसले होते.

"मी बघतो," कॅप्टन उठला.

बोळातून तो बाहेर आला आणि एकेका रांगेवर बोट ठेवत मोजत निघाला. एक, दोन, तीन. वर्तमानपत्र वाचणारे, झोपलेले, फोनवर शेवटचं बोलून घेणारे. सातव्या रांगेत बायको बसली होती. तिने भुवया उडवून त्याला सलाम केला. तिच्या शेजारची जागा कागदावर रिकामी होती.

तिथे एक माणूस बसला होता. अंगात हमालांचं नारिंगी जाकीट, मान खाली, खिडकीकडे कललेली. एक हात मांडीवर होता. त्या हाताच्या पेरांवर कातडी नव्हती.

 कॅप्टनने वरच्या फळीला धरलं.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "हे गृहस्थ बोलतच नाहीत. नुसते भिंतीवर ठोके देतायत. बरं नाही वाटतं त्यांना… हात बघा ना, किती लागलंय."

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्याला अजून वाट होती. "एक माणूस जास्त आहे" एवढं तो मोठ्याने म्हणाला असता तर दारं उघडली असती, सगळे खाली उतरले असते, फेरी रद्द झाली असती, मास्तर हसत हसत नापास करते. नोकरी कदाचित गेली असती. आणि कदाचित, नोकरी जाऊ द्यायची तयारी असती तर, त्या माणसाबद्दल जे बोलायचं राहिलं होतं तेही त्याच्या तोंडून निघालं असतं. त्या माणसाने मान वर केली. तो रागावलेला नव्हता. वाट बघत होता, रोज सकाळी इंजिन सुरू व्हायची बघायचा तशीच.

कॅप्टनने बोट पुढच्या जागेवर नेलं.

"चौदा," तो म्हणाला, आणि ती एक जागा गाळून शेवटपर्यंत मोजत गेला. "चाळीस. बरोबर आहे. दार लाव."

"पण सर, मी दोनदा…"

"एखादं लेकरू मांडीवरचं धरलं असशील."

"आज मांडीवरचं लेकरूच नाहीये, सर."

"सही माझी आहे ना?" तो म्हणाला. "लाव दार."

परतताना त्याने बायकोकडे पाहिलं नाही. तिकडे पाहायचं म्हणजे शेजारीही पाहावं लागलं असतं.

नव्या कंपनीत खालचा माणूस अंगठा वर करून निघायची खूण करतो. त्याने केली. त्यानंतर पत्र्यावर दोन थापा पडल्या. जवळून. कॅप्टनचा हात चुकला नाही. विमान उचललं ते असं अलगद, की मास्तरांनीही मान डोलावली.

बाराव्या मिनिटाला पाठीमागच्या कप्प्यातून ठोके पडायला लागले.

दोन. मग काही नाही. पुन्हा दोन.

"ऐकलंत?" मास्तरांनी मान वळवली. "मागे काहीतरी वाजतंय."

कॅप्टन तयारच होता. किंबहुना त्याला जरा हायसंच वाटलं. बस वाजवत, त्याने मनात म्हटलं. मेलेला माणूस काय करणार, फार तर वाजवणार. हे त्याने एकदा सोसलं होतं, चाळीस मिनिटं. ती संपतात, हे त्याला ठाऊक होतं.

"बॅग सुटली असेल," तो म्हणाला.

"फिरायचं का परत? तुमची फेरी आहे, तुम्ही ठरवा."

"गरज नाही. माल बोलत नाही, सर."

मास्तर हसले आणि टाचणात त्यांनी काहीतरी चांगलं लिहिलं असावं.

ठोके चालू राहिले. घाईघाईने, मग सावकाश. त्यांच्यात एक निराळंच काहीतरी होतं. प्रत्येक ठोक्याच्या पाठोपाठ एक बारीक आवाज येत होता, धातूचा. टक्‌… टिण्‌. टक्‌… टिण्‌. दोनथापेच्या ठोक्यांना तसा आवाज नव्हता. हे कॅप्टनच्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण त्याने ते मनातच दाबलं. दाबायची त्याला सवय झाली होती. बॅगेची कडी असेल, त्याने म्हटलं.

चाळिसाव्या मिनिटाला ठोके थांबले. पंचेचाळिसाव्याला तो उतरला, धक्का न लागू देता. मास्तरांनी त्याचा हात हातात घेतला. "अभिनंदन, कॅप्टन. डोकं शांत ठेवता तुम्ही. असाच माणूस हवा असतो."

बोळातून हवाईसेविका आली. तिचाही चेहरा मोकळा झाला होता. "सर, तुम्हीच बरोबर होतात. उतरताना मी एकेक मोजला. चाळीस. जुळलं."

तो हसत केबिनमध्ये आला. सगळ्या जागा रिकाम्या होत्या. सातव्या रांगेत बायकोची पर्स होती आणि पट्टा बांधलेलाच होता, पोटाशी बसतो तसा गोल, त्यात कुणी नसताना.

"इथल्या बाई कुठायत?" त्याने विचारलं.

"उतरल्या असतील ना, सर? निघताना पट्टा मी स्वतः तपासला होता त्यांचा."

"पर्स ठेवून?"

खाली हमाल सामानाच्या कप्प्याचं दार उघडत होते. त्यातला एक ओरडला. शब्द नव्हते त्यात, नुसता ओरडला.

कॅप्टन पायऱ्या उतरून विमानाला वळसा घालून धावला. बॅगा सरकून कॉकपिटच्या भिंतीशी ढीग झाला होता. ढिगाखालून एक हात बाहेर आला होता, मूठ वळलेली, भिंतीला टेकलेली. पेरांवरची कातडी सोलली होती. अंगठी चेपून बोटात रुतली होती. त्याने तो हात धरला. हात अजून गरम होता.

तो तिला नावाने हाका मारत राहिला. मास्तर वर पायऱ्यांवर उभे होते, आणि त्यांच्या हातातलं टाचण खाली पडलं तरी त्यांना कळलं नाही.

बाहेरून कुलूप असलेल्या कप्प्यात ती गेली कशी, हे चौकशीत कुणाला सांगता आलं नाही. कागदावर तर काहीच चुकलेलं नव्हतं. चढले चाळीस, कॅप्टनची सही. उतरले चाळीस, सेविकेची सही. त्या हिशोबाने विमानात कुणी राहिलंच नव्हतं.

सेविकेला त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. ती एकच सांगत होती. शेवटी उतरला तो एक नारिंगी जाकीटवाला माणूस. पायऱ्या उतरून तो थांबला, वळला, आणि त्याने विमानाच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारल्या.

"मला म्हणाला, साहेबांना सांगा," ती म्हणाली, "दार नीट लागलंय."