अठरा शब्दांची चौकट

थोरांचे विचार अमर असतात. हे मी जबाबदारीने सांगतो, कारण त्यांतले साठ दरवर्षी मीच लिहीत आलो आहे, आणि मला अजून रक्तदाबापलीकडे काही झालेलं नाही.

रोज एक पान फाडायचं असं जे कॅलेंडर असतं, तसल्या एका कॅलेंडरचा मी संपादक आहे. वर तारीख, खाली चौकटीत सुविचार, त्याखाली थोर माणसाचं नाव. चौकटीत अठरा शब्द मावतात. थोर माणसं बोलली भरपूर, पण अठरा शब्दांत थांबणारी फार थोडी. तीनशे पाचपर्यंत कशीबशी मजल जाते. उरलेल्या साठ चौकटी मी पहिल्या प्रुफाला कोऱ्या ठेवतो, घरी जातो आणि ताईचं बोलणं ऐकतो.

म्हणजे ऐकायचो.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही. मी केलं, ते दीड वर्षात आटोपलं. त्यामुळे एका घरात आम्ही दोघं, आणि त्यात बोलणारी ती एकटी. "ढापण्या, खरकटं भांडं उद्यावर टाकलंस तर उद्या ते जास्तच चिकटतं." मी हे उचलायचो, खरकट्या भांड्याच्या जागी कर्तव्य घालायचो आणि एका दाढीवाल्या सम्राटाच्या नावावर खपवायचो. पुढच्या वर्षी ताई ते पान फाडून मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "बघ. ह्याला म्हणतात माणूस. नाहीतर तू." सम्राटावर तिचा फार जीव. मी तिला खरं कधी सांगितलं नाही. तिचं जगात कुणाशी तरी पटत होतं, ते कशाला मोडा?

ती गेली त्या दुपारी तिने हॉस्पिटलमधून फोन केला होता.

"येतोस का? एक सांगायचंय."

"शेवटची प्रुफं आहेत गं. सहाला येतो."

"बरं," ती म्हणाली.

'बरं' म्हणून गप्प बसणारी बाई नव्हती ती. हे माझ्या लक्षात आलं पाच वाजून दहा मिनिटांनी, हॉस्पिटलचा दुसरा फोन आला तेव्हा.

काय सांगायचं होतं, हे मी शोधून पाहिलं. कपाट पाहिलं, तिची वही पाहिली, समोरच्या काकूंना विचारलं. नर्सला विचारलं. ती म्हणाली, "काका, त्या उशी बदला म्हणत होत्या." उशीसाठी कोणी भावाला ऑफिसात फोन करत नाही. मला झोप लागायची, पण पाच वाजून दहा मिनिटांनी हातातलं काम थांबायचं. रोज.

त्यानंतरच्या वर्षीचं पहिलं प्रूफ नेहमीसारखं साठ कोऱ्या चौकटींचं गेलं. दुसऱ्या दिवशी प्रूफवाचक बाई माझ्या टेबलापाशी आल्या. बाई तीस वर्षं प्रुफं वाचताहेत. स्वतःच्या लग्नपत्रिकेत त्यांनी चार चुका काढल्या, असं म्हणतात. त्यांतली एक नवऱ्याच्या नावात होती.

"तीन फेब्रुवारी बघितलंत?"

"कोरी आहे ती चौकट."

"कोरी असती तर मी कशाला उठले असते?"

चौकटीत छापलं होतं: 'मोजे जोडीने वाळत घालावेत. एकटा मोजाही वाळतो, पण पुढे त्याचं काय करायचं ते कळत नाही.' खाली सम्राटाचं नाव.

"मूळ संदर्भ?" बाईंनी विचारलं.

मी जुळणी करणाऱ्याकडे गेलो. दिवसभर बोटं वाजवतो म्हणून आम्ही त्याला टकटक्या म्हणतो. "साहेब, आलं ते मी मारतो," तो म्हणाला. "हे आलं नाही, म्हणजे मारलं नाही." त्याने फाइल उघडली. पडद्यावर चौकट कोरी होती. त्याने पान पुन्हा काढलं. कागदावर वाक्य होतं. प्रिंटर बदलला. तेच.

"शाई जास्त झाली असेल," टकटक्या म्हणाला. मग तो माझ्याकडे न बघता पुन्हा बोटं वाजवू लागला.

दुसऱ्या प्रुफाला सात चौकटी भरून आल्या. 'दोन कप मांडायचे तर दोन्ही प्यावेत. दुसऱ्याकडे नुसतं बघत बसणं हा चहाचा अपमान आहे.' सम्राटाच्या काळी त्याच्या मुलखात चहा पोचला नव्हता, असं बाईंनी समासात लाल शाईने लिहिलं होतं. ते बरोबरच होतं. दुसरा कप त्या वेळी माझ्या घरी टेबलावर सकाळपासून गार होत पडला होता, हेही बरोबर होतं. माझ्याकडे कोणी येत नाही. हे कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

दुसरं वाक्य होतं: 'गॅलरीचं दार उघडं ठेवून झोपू नये. येणारं माणूस दाराने येईलच असं नाही.'

मी त्या दिवसापासून दार लावायला लागलो. घाबरून नव्हे. तिने सांगितलं म्हणून.

त्यानंतर मी कामाची चालढकल सुरू केली. एका सुविचाराचा स्वल्पविराम हलवायचा आणि नवं प्रूफ मागायचं. तिसऱ्या प्रुफाला एकोणसाठ चौकटी भरल्या होत्या. उशा, पायपुसणी, बीपीची गोळी. सगळं सम्राटाच्या नावावर. मी एकेक वाचत गेलो. जे हवं होतं ते कशातच नव्हतं.

मालक चाळून म्हणाले, "हा सम्राट फार झाला हो. एखादा शास्त्रज्ञ घाला की." आणि त्यांनी शुक्रवारी छपाईला सोडायचं ठरवलं.

"संदर्भ द्या," बाई म्हणाल्या, "नाहीतर शुक्रवारी एकोणसाठ काढते."

"माझ्या जबाबदारीवर राहू द्या ना."

"सर, जबाबदारी चौकटीत छापता येत नाही."

एक चौकट उरली होती. मला वाटलं, ती ताई गेली त्या तारखेची असेल. नव्हती. एकोणीस ऑगस्ट. कशाचीच नाही.

शुक्रवारी पाचच्या सुमाराला मी त्या चौकटीत पेन्सिलने लिहिलं: 'काय सांगायचं होतं?' आणि कागद टकटक्याला दिला.

"हे छापायचं?"

"प्रूफ काढ फक्त."

त्याने ते टाइप केलं. मी मागे उभा राहून पाहिलं. पडद्यावर माझेच तीन शब्द होते. मशीन घरघरलं.

कागद गरम होता. तो नेहमीच असतो.

माझा प्रश्न कागदावर नव्हता.

'सांगायचं काहीच नव्हतं. तू येतोस का, एवढंच बघायचं होतं.'

खाली सम्राट.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. टकटक्याची बोटं थांबली होती.

बाई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बोटाने शब्द मोजले.

"नऊ," त्या म्हणाल्या. "बसतात." मग लाल पेनाला टोपण लावलं. "जाऊ द्या सगळे. संदर्भ बघू नंतर."

पन्नास हजार प्रती गेल्या.

पुढच्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीला एक पोस्टकार्ड आलं. लिहिणारे निवृत्त प्राध्यापक. 'एकोणीस तारखेचे वचन सम्राटाचे नसून त्याच्या थोरल्या बहिणीचे आहे. अखेरच्या आजारात, धाकट्या भावास उद्देशून.' पुढे एका ग्रंथाचं नाव, छपाईचं साल, पान दोनशे बारा. साल माझ्या जन्माच्या चाळीस वर्षं आधीचं होतं. सम्राटाला बहीण होती, हेच मला ठाऊक नव्हतं.

बाई जेवणाच्या सुट्टीत वाचनालयात जाऊन आल्या.

"पान बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "स्वल्पविरामासकट."

म्हणजे चूक आमचीच होती. डिसेंबरच्या शेवटच्या पानामागे आम्ही शुद्धिपत्र छापतो, नव्या कॅलेंडरात तिथे दुरुस्ती दिली आहे.