शेऱ्यांची वाट

प्रयोगशाळेच्या दारात ती त्याच्यावर आदळली, आणि दोघंही बाईंच्या टेबलाशी एकदमच पोचली. शेवटच्या वर्षासाठी बाईंनी प्रकल्पांचे विषय सुचवले होते. कुणालाही फुकट वापरता येईल, बदलता येईल अशा एका आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये भर घालायची होती. दोघांना नेमका एकच विषय हवा होता – विखुरलेल्या मोजमापांवरून डोंगरदऱ्यांसारखा सलग पृष्ठभाग रेखाटायचा. बाई म्हणाल्या, भांडू नका, मिळून करा. गणित त्याचं, चित्र तिचं.

वर्गात त्याला सगळे 'शिडी' म्हणत. तिच्या पडद्यावर बघायला त्याला पार वाकावं लागे... आणि तो वाकला, की तिची बोटं हमखास भलतीच कळ दाबत. तो गालातल्या गालात हसून ती ओळ पुसून टाकी. हिवाळा असाच सरला. पृष्ठभाग उमटला, बाई खूश झाल्या, परीक्षा संपली – आणि त्याला लांबच्या शहरात नोकरी लागली.

"कोड पाठवत राहा, मी तपासेन," निघताना तो एवढंच म्हणाला.

ती पाठवत राहिली. कधी रंग बदलून, कधी अक्षांची नावं सुधारून. त्याचे शेरे येत – इथे शून्याने भागाकार होतोय, हे नाव फार लांबलं. ते कोरडे शेरे ती पुन्हा पुन्हा वाचायची. एकदा नुसतं 'छान' आलं, तर गॅसवरचं दूध उतू गेलं.

"त्या सॉफ्टवेअरचं इतकं बिघडलंय तरी काय?" ताईने विचारलं.

"काही नाही गं."

"मग तुझंच बिघडलंय."

आणि एका दुपारी त्याचा शेरा आला: आता यात करण्यासारखं काही उरलं नाही, काम संपवूया.

उद्यापासून वाट बघायची ती कशाची? तिने फोन लावला.

"कुठे अडलंय का?" त्याने विचारलं.

"कोडबद्दल नाही बोलायचं."

"मग...?"

"तुझी आठवण येते. रोज."

तिने डोळे मिटून घेतले.

"मी रविवारी येतोय," तो हळूच म्हणाला. "तिकीट कधीच काढलंय. काम संपलं तरी भेटशील का... हेच विचारायचा धीर होत नव्हता."