भिंगरीचा ब्रेक उशिरा लागतो

आज पायात काटा रुतला आणि तुम्ही ‘आई गं’ मात्र परवा म्हणालात, असं कधी झालंय का? नाही ना? माझं होतं. माझं अख्खं शरीरच असं वागतं. ते असं का वागतं, हे कोडं डॉक्टरांनी सांगूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. ते शेवटी सोडवलं लोणारच्या उतारावर मातीत नाक खुपसून पडलेल्या एका सहा चाकी, महाबडबड्या यंत्राने.

मी तेजल मापारी. राहणार मेहकर, इयत्ता सातवी. पाचवीत असताना मला एक साधा विषाणूचा ताप आला. ताप गेला, पण जाताना माझी सगळी ताकद घेऊन गेला. रात्रभर झोपूनही सकाळी वाटायचं, की डोळाच लागला नव्हता. उभं राहिलं की गरगरायचं. वाचताना ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरायची. सगळ्या तपासण्यांचे रिपोर्ट मात्र एकदम छान. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं : क्रॉनिक फटीग सिंड्रोम (विश्रांती घेऊनही न जाणारा, महिनोन्महिने टिकणारा थकव्याचा आजार). “मुलगी आळशी नाही, आजारी आहे,” असं त्या बाबांना तोंडावर म्हणाल्या, तेव्हा त्यांना मिठी मारावीशी वाटली. अंगात त्राण नव्हतं म्हणून राहिलं.

बाबांना सांगणं गरजेचंच होतं. माझे बाबा कबड्डीचे प्रशिक्षक. त्यांच्या मते जगातला कोणताही थकवा मैदानाला चार फेऱ्या मारल्या की पळून जातो. आई बिचारी मधे पडायची, पण तिची बँकेची नोकरी चिखलीला, त्यामुळे दिवसभर मी बाबांच्या तावडीत.

आता भिंगरीबद्दल. भिंगरी म्हणजे आपली मंगळावरची बग्गी. ती मुलांनी चालवायची असते. देशभरातून निवडलेल्या मुलांना पाळीपाळीने तिचा ताबा मिळतो, आणि त्या मुलांत मी आहे. परीक्षा मी पलंगावर पडून दिली होती आणि तरी निवडले गेले होते, हे मी सगळ्यांना सांगत असते. बग्गीचं नियंत्रण केंद्र आहे लोणारला, आणि माझी कुमुदआत्या तिथे शास्त्रज्ञ आहे. म्हणून काही माझी निवड झाली नाही. उलट आत्याने माझा पेपर दुसऱ्याकडून तपासून घेतला.

भिंगरी एका गुहेच्या दिशेने निघाली होती. कधीकाळी लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेली लांबच लांब पोकळी. तिच्या तोंडाशी अजून कुणीच पोचलेलं नव्हतं. शेवटचा टप्पा माझ्या वाट्याला आला होता. पण माझी पाळी दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी त्याच दिवशी कोसळले. डोळे उघडले तरी उजेड टोचायचा, पाणी प्यायला मान उचलवायची नाही. आता तिसरी आणि शेवटची संधी होती. ती हुकली की पाळी दुसऱ्याला जाणार होती. शिवाय मंगळावर धुळीचं वादळ येऊ घातलं होतं. ते आलं की ऊन न मिळाल्याने भिंगरी कित्येक महिने झोपणार होती. मला ती गुहा पाहायचीच होती.

“मागच्या वेळी कोसळलीस त्या दिवशी काय केलं होतंस?” सराव घ्यायला घरी आलेल्या आत्याने विचारलं.

“काहीच नाही. तेच तर कोडं आहे. आदल्या दिवशीही काही नाही.”

“आणि त्याच्या आदल्या दिवशी?”

“तो तर मस्त दिवस होता,” मी म्हणाले. त्या रविवारी मला खरंच बरं वाटत होतं. म्हणून मी कपाट आवरलं, बुडालेला अभ्यास भरून काढला, बाबांबरोबर मैदानावर जाऊन सामना पाहिला आणि परत चालत आले.

“चांगला दिवस वाया काहून घालवायचा?” बाबा दारातून म्हणाले. “मीच म्हटलं तिले, जमते तोवर करून घे.”

आत्याने माझ्या मांडीवर चालकाची पाटी (बग्गीला हुकूम द्यायचा टॅबलेट) ठेवली. भिंगरीची एक जुळी बहीण आहे, गिरकी. ती लोणारच्या विवराच्या उतारावर ठेवलेली असते. तिथला काळा बसाल्ट (लाव्हा थंड होऊन बनलेला खडक) आणि मंगळावरचा खडक बराचसा सारखा. सराव गिरकीवर करायचा. मंगळाचा संदेश यायला जितका उशीर लागतो, तितकाच उशीर तिच्या संदेशांत मुद्दाम घातलेला असतो. आणि सरावापुरती तिची स्वतःची अक्कल बंद ठेवतात. सांगाल ते ती करते.

मी ‘पुढे’ दाबलं. काही झालं नाही.

“बिघडली वाटते,” बाबा म्हणाले. “आणखी दाब.”

मी आणखी दाबलं. पडद्यावरचं चित्र ढिम्म. बाबांना राहवेना. त्यांनी स्वतः पाटी ओढून घेतली आणि ‘पुढे’वर बोट दाबूनच धरलं. आत्या शांतपणे शेंगदाणे खात होती. बऱ्याच वेळाने गिरकीचा आवाज आला.

“‘पुढे’ असा हुकूम मिळाला. जाते. परत ‘पुढे’ असा हुकूम मिळाला. जाते. अजून एक मिळाला. खड्डा दिसतोय, पण हुकूम म्हणजे हुकूम. जाते.”

आम्ही ओरडून ‘थांब’ दाबलं. पण तो ‘थांब’ तिकडे पोचायलाही तितकाच उशीर.

“मी खड्ड्यात आहे,” गिरकीने कळवलं. “नाकात माती गेली आहे. तुम्ही कशा आहात?”

हसून हसून मला धाप लागली. आत्याने मला उशीला टेकवलं आणि मग समजावलं. “रेडिओसंदेश प्रकाशाच्या वेगाने जातो. त्याहून वेगाने काहीच जात नाही. तरी मंगळ इतका लांब, की संदेशाला कधी दहा मिनिटं लागतात, कधी वीस. तितकाच वेळ उत्तराला. नवा चालक नेहमी हीच चूक करतो. समोर काही दिसत नाही म्हणजे काही झालंच नाही, असं समजतो आणि दाबत सुटतो. म्हणून आमची पद्धत एकच, चाल आणि थांब. एक छोटा हुकूम द्यायचा, मग हात बाजूला. उत्तर आल्याशिवाय पुढचा नाही.”

मी गिरकीच्या कॅमेऱ्यातली माती बघत होते. आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी ताडकन उठून बसले.

“आत्या, माझं शरीर मंगळावर आहे.”

“काय व, ताप आला का?” बाबांनी माझ्या कपाळावर हात ठेवला.

“नाही हो बाबा. मी रविवारी ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबलं. काहीच झालं नाही. मला वाटलं, जमतंय. पण ते हुकूम वाटेत होते. मंगळवारी पोचले आणि मी खड्ड्यात गेले.”

आत्याने शेंगदाण्यांची वाटी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “अगदी बरोबर,” ती म्हणाली. “डॉक्टर त्याला श्रमोत्तर कोसळ म्हणाल्या होत्या (झेपेल त्यापेक्षा जास्त श्रम झाल्यावर काही तासांनी किंवा एकदोन दिवसांनी आजार उसळणं). आपण सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी येऊन विसरलो.”

“पण असं होते काहून?” बाबांनी विचारलं.

“ते अजून कुणालाच पक्कं माहीत नाही. काही शास्त्रज्ञांना मायटोकॉन्ड्रियावर (पेशींतल्या, अन्नापासून शक्ती बनवणाऱ्या सूक्ष्म भट्ट्यांवर) संशय आहे. काहींना वाटतं, तापाशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती नंतर शांतच झाली नाही. शोध चालू आहे.”

“पण व्यायामानं दम वाढतेच ना?”

“तुझ्या संघातल्या पोरांचा वाढतो, दादा. हिला तू पळवलंस तर ही आणखी खाली जाते. आणि श्रम म्हणजे नुसतं पळणं नाही. वाचणं, गप्पा मारणं, भांडणं, आत्ता हिचं हसणंसुद्धा.”

बाबा खिडकीकडे वळून खाकरले. “चढाईले गेलेला गडी दम सरेपर्यंत तिकडंच राहत नसते,” ते म्हणाले. “दम शिल्लक असतानाच मागं फिरते. आणखी एकाले शिवतो म्हणून थांबला, की पकडला गेलाच. मी रोज पोरायले हेच शिकवतो. अन् घरी पोरीले उलटंच सांगत बसलो.” ते माझ्याकडे न बघताच बोलत होते, पण मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. मग रडण्यानेही दमायला होतं हे आठवलं आणि आवरतं घेतलं.

या पद्धतीला पेसिंग म्हणतात (थकवा यायची वाट न पाहता, त्याच्या आधीच थांबणं). ऐकायला सोपं, करायला महाकठीण. कारण वाईट दिवशी थांबणं कुणालाही जमतं. चांगल्या दिवशी थांबायचं असतं. आम्ही सुरुवात केली. केस विंचरायचे ते बसून. अंघोळीला स्टूल. थोडं वाचलं की डोळे मिटून पडायचं, आणि पडलेलं असताना मोबाइलही नाही, कारण डोक्यालाही विसावा हवा. मनगटावर एक पट्टा बांधला. नाडीचे ठोके माझ्या मर्यादेपलीकडे जायला लागले की तो गुणगुणतो. सुरुवातीला तो सारखाच गुणगुणायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. मैत्रिणी बाहेर सायकली पळवतात आणि आपण जिना चढताना मधे बसायचं, यात राग येण्यासारखंच आहे. आत्या म्हणाली, “राग येऊ दे. फक्त उभ्याने नको, पडून राग काढ.”

बाबा तर पंच झाले. मावशी भेटायला आली, तिचं बोलणं रंगात आलं आणि हे शिट्टी घेऊन दारात उभे. मावशी अजून ते विसरलेली नाही.

अखेर माझा दिवस उगवला. पडदे ओढलेले, पाठीशी उशा, मांडीवर पाटी. केंद्रातून आत्याचा आवाज : “तेजल, भिंगरी तुझी.”

एक हुकूम. डोळे मिटून पडणं. मग चित्र. तांबूस वाळू, तिच्यावर आमच्या चाकांचे ठसे. पुन्हा एक हुकूम. पुन्हा पडणं. आणि मला गंमत वाटली, की मंगळावर बग्गी चालवण्याची ही एकमेव रीत माझ्यासाठीच बनवल्यासारखी आहे. इतर मुलांना वाट पाहताना कंटाळा येतो म्हणे. मला नाही आला. दर चित्रात समोरचा काळा डाग मोठा होत होता. मग त्याला कमान दिसू लागली. माझं काळीज धडधडत होतं, आणि पट्टा हलकेच गुणगुणला.

“आता फक्त एक हुकूम,” आत्या म्हणाली. तिच्या मागे सगळं केंद्र श्वास रोखून उभं होतं. “पण तू थांबलीस, तर उरलेला टप्पा नंतर तुलाच मिळेल, याची मी हमी देत नाही. वादळ सरकतंय.”

मला काहीही होत नव्हतं. उलट उठून नाचावंसं वाटत होतं. गुहा समोर होती. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या हातात शिट्टी होती, पण ते वाजवेनात. हे ठरवायचं मलाच होतं.

“थांबते,” मी म्हणाले. भिंगरीला ‘थांब’ दिलं आणि मी तोंडावर पांघरूण घेतलं.

दुसरा दिवस बरा गेला. पण माझ्या शरीराचं उत्तर दुसऱ्या दिवशी येत नाही, हे आता मला माहीत होतं. तिसऱ्या सकाळी मी डोळे उघडायलाच घाबरत होते. उघडले. उजेड टोचला नाही. मान उचलली. उचलली गेली. “बाबा,” मी हाक मारली, “मी आहे. मी कोसळले नाही.” बाबा धावत आले आणि माझ्या पलंगाशी मटकन खाली बसले. आई बँकेत जायला निघाली होती, ती चपला घालून तशीच आत आली.

वादळ अजून दूर होतं. आत्याने केंद्रात भांडून उरलेला टप्पा माझ्यासाठी राखून ठेवला होता. या आजाराचं कारण एक दिवस सापडेल, औषधही निघेल. ते शोधणाऱ्या प्रयोगशाळेत आपणही असावं, असं मी ठरवून टाकलंय, अर्थात पडून काम करायची सोय असेल तर. पण त्या सकाळी मी एवढाच विचार केला, की आज एक हुकूम मला झेपेल.

मी तो दिला आणि डोळे मिटून पडून राहिले. बऱ्याच वेळाने पाटी टिणकली. चित्र आलं होतं. केंद्रात एकच गलका उठला. “तेजल, बघ, बघ लवकर!” आत्या ओरडत होती.

“हळू बोला,” बाबा म्हणाले. “गुहा काही पळून जात नाही. पोरीचा आराम झाला, की ती पाहीन.”

सगळं केंद्र चिडीचूप झालं. मी हसू दाबत आणखी थोडा वेळ तशीच पडून राहिले. मग सावकाश डोळे उघडले आणि गुहेत पाहिलं. आत, अगदी खोलवर, कुठूनतरी वरून ऊन पडलं होतं.